नऊ ठिपक्यांचा शोध

लेडीबर्ड म्हणजेच ढालकिडा. मावा खाणारा शेतकऱ्याचा मित्र. पण हा मित्र दिसेनासा झाला, तर आपल्या लक्षात येईल का?

१९८९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्कने नऊ ठिपक्यांच्या ढालकिड्याला राज्य-कीटक ठरवले. गंमत म्हणजे १९८२ नंतर तो राज्यात कोणालाच आढळला नव्हता! २००६ मध्ये व्हर्जिनियातील दोन शाळकरी भावंडांना तो सापडला. मग कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन लोझींनी देशभरच्या मुलामाणसांना ढालकिड्यांचे फोटो पाठवायला सांगितले. अखेर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरील एका शेतात तो पुन्हा दिसला.

फोटोत ठिपके मोजता येतात : दोन्ही पंखांवर चार-चार, मध्ये एक सामाईक. मात्र कोषातून नुकत्याच निघालेल्या किड्यावर ठिपके नसतात. ते काही तासांत उमटतात. शिवाय प्रौढ किडा कुठूनही उडत आलेला असू शकतो. अळी उडत नाही. म्हणून ती दिसली, की त्याची वीण इथेच होते हे कळते.

तेव्हा मावा पडलेल्या रोपाची पाने मुलांसोबत उलटून पाहू. पिवळी अंडी, अळी, कोष आणि किडा यांचे फोटो तारखेसह ठेवू. पुढे कोणी विचारले, तर आपल्या शाळेकडे पुरावा असेल.