खर्जाचे ओझे

संगीताच्या इतिहासात वादकांची नावे येतात, गाण्यांची येतात; नाद ज्या पेटीतून बाहेर पडला त्या पेटीची नोंद क्वचितच होते. वाङ्मयेतिहासात छापखान्यांची जी उपेक्षा झाली, तीच ही. बास गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास आम्ही वाचू लागलो तेव्हा पाऊण शतकाहून अधिक काळ त्यात एकच प्रश्न रूप बदलून येत राहिलेला दिसला: खर्जाचे ओझे वाहायचे कोणी आणि किती?

अमेरिकेतील नृत्यवृंदांत डबल बास वाजवणाऱ्याची व्यथा दुहेरी होती. माणसाहून उंच वाद्य गावोगाव न्यायचे आणि तुताऱ्यांच्या गजरात ते कोणाला ऐकूही यायचे नाही. एव्हरेट हल या बासवादकाने 1946च्या सुमारास, वाद्य ज्या खुंटीवर जमिनीला टेकते त्या खुंटीतच मायक्रोफोन बसवला. या ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’चेच पुढे ‘अ‍ॅम्पेग’ झाले. 1951मध्ये लिओ फेंडर यांनी खांद्याला अडकवता येणारा प्रिसिजन बास आणला, तर 1952मध्ये त्याच्या जोडीला 15 इंची स्पीकरचा बासमन. वाद्य हलके झाले खरे. पण वजन नाहीसे झाले नाही, ते पेटीत गेले. (पुढे चार स्पीकरांचा बासमन गिटारवाल्यांनीच आपलासा केला आणि लंडनच्या मार्शलने आपल्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी तोच नमुना घेतला. बासवादकांची उपेक्षा इथेही चुकली नाही!)

आमच्या मते या इतिहासातील सर्वांत देखणी वस्तू म्हणजे 1960ची अ‍ॅम्पेग पोर्टाफ्लेक्स बी-15. जेस ऑलिव्हर यांनी निर्वात नळ्यांचा सगळा संच पेटीच्या झाकणालाच जोडला. वाजवताना तो वर, नेताना झाकण उलटे केले की पेटीच्या पोटात सुरक्षित. शक्ती अवघी 25 वॅट. मोटाऊनच्या गाण्यांना ज्याच्या बासने कणा दिला, तो जेम्स जेमर्सन क्लबांत हीच पेटी वापरी.

मग मैफली मैदानांत गेल्या. 1969मध्ये अ‍ॅम्पेगनेच 300 वॅटचा एसव्हीटी काढला आणि रोलिंग स्टोन्सने त्या वर्षीच्या दौऱ्यात तो नेला. आठ स्पीकरांचे ते कपाट एकट्याने उचलणे अशक्यच. हल यांना रॉकचा फाटका आवाज मुळीच रुचत नसे. त्यांच्याच नाममुद्रेने हे घडावे, यात एक कारुण्य आहे.

हा हव्यास नव्हे, निसर्गनियम होता. बासच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41. त्या लहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक. आपला कान अशा स्वरांना मंद. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोडक्या शक्तीत मोठा आवाज, या तिहींपैकी एका वेळी दोनच साधतात. अलीकडे ‘क्लास डी’ मंडलांनी आणि निओडिमियम चुंबकांनी वजन पुष्कळ उतरवले. शेकडो वॅटचा संच आज पिशवीत मावतो. नियम मात्र हटला नाही. इवल्या पेटीतून खर्ज काढायचा तर स्पीकरवर ताण येतोच.

म्हणून घरच्या रियाजासाठी पेटी घेणाऱ्या विद्यार्थ्याने वॅटच्या आकड्यावर भाळू नये. घरी 20-30 वॅट आणि आठ इंची स्पीकर पुरतो. खर्जाला भिंत अडवत नाही, तेव्हा रात्री हेडफोनची सोय हवीच. वृंदाच्या तालमीत मात्र निर्णय ड्रमवादकाच्या हाती असतो. तिथे 100 वॅट आणि दहा-बारा इंची स्पीकर ही आम्ही किमान मर्यादा मानतो. एकच पेटी घेणे परवडत असेल तर ती तालमीच्या मापाने घ्यावी, कारण मोठीचा आवाज कमी करता येतो. दुकानात एकट्याने वाजवून मात्र काही कळत नाही. शक्य असल्यास ती एका तालमीपुरती मागून न्यावी, ड्रमच्या शेजारी ठेवून चार पावले दूर उभे राहून ऐकावी आणि येताना दोन जिने स्वतः उचलून चढवावी.