वाळूवरचें हलकें पाऊल

नदीच्या कोरड्या पात्रांत भरलेली बैलगाडी रुतली म्हणजे नवशिका गाडीवान आधीं चाबूक उगारतो. जाणता गाडीवान खालीं उतरतो, चारदोन पोतीं बाजूला काढतो, चाकापुढें झाडपाला किंवा जुनें तरट पसरतो आणि मग बैलांना हांक देतो. गाडी निघते ती बैलांचें बळ वाढल्यामुळें नव्हे. जमिनीवरचा भार कमी झाला आणि चाकाला रुंद आधार मिळाला, म्हणून निघते. खेडोपाडीं सर्वांस ठाऊक असलेली ही गोष्ट मोटारगाडी ओसाड प्रदेशांत नेऊं पाहणाऱ्यांना मात्र नव्यानें शिकावी लागली. त्या शिक्षणाचा मोठा भाग लिबियाच्या वाळवंटांत पार पडला. आणि त्याचा इतिहास म्हणजे बाजारांत कोणासही मिळणाऱ्या साध्या गाड्यांच्या कमानींचा व टायरांचा इतिहास होय.

ईजिप्त, लिबिया आणि सूदान या तीन देशांत पसरलेल्या या वाळवंटाची तुलना विस्ताराच्या बाबतींत भारतीय द्वीपकल्पाशीं केली जाते. त्याचा पुष्कळसा भाग टणक खडीचा व खडकाळ पठारांचा आहे. पण ईजिप्त व लिबिया यांच्या सीमेवर वाळूच्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा उभ्या आहेत आणि त्या प्रदेशास वाळूचा महासागर असें सार्थ नांव मिळालें आहे. तेथें एका विहिरीपासून दुसरी विहीर शेकडों मैल दूर असूं शकते. अशा ठिकाणीं गाडीचा आंस मोडला किंवा कमानीचे पाटे तुटले, तर तो नुसता खोळंबा नसतो. पाण्याचा सांठा दिवसांच्या हिशेबानें संपत असतो आणि पायीं परतण्यास माणसाचे पाय पुरत नाहींत.

या प्रदेशांत मोटार शिरली ती पहिल्या महायुद्धांत. १९१६ पासून ब्रिटिश फौजेच्या हलक्या मोटार-तुकड्या ईजिप्तच्या पश्चिम सीमेवर फिरूं लागल्या, आणि त्यांच्याजवळ फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्याच्या गाड्या होत्या. १९०८ सालीं निघालेली ही गाडी अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या चिखलवाटा डोळ्यांपुढें ठेवून बनविलेली होती. तिचें वजन थोडें, तळ उंच, आणि पुढें एक व मागें एक अशा दोनच आडव्या कमानी. या आडव्या कमानींमुळें एक चाक खड्ड्यांत व दुसरें उंचवट्यावर असलें तरी आंस त्याप्रमाणें कलत असे आणि चारही चाकें भुईला धरून राहत. तिचा दोष होता तो पायांत. त्या काळचे टायर अरुंद असत आणि त्यांत चौरस इंचास ६० पौंडांच्या आसपास दाबाची हवा भरावी लागे. टणक खडीवर ही गाडी वाऱ्यासारखी जाई. मऊ वाळू लागली कीं तिचें चाक सुरीसारखें आंत शिरे.

यावर एक उपाय फ्रान्समध्यें निघाला. सित्रोएन कंपनीनें मागच्या चाकांच्या जागीं रबरी पट्टे बसविलेल्या गाड्या तयार केल्या. त्यांच्या बळावर १९२२ च्या डिसेंबरांत तुगुर्तहून निघालेली मोहीम जानेवारी १९२३ मध्यें, सहारा ओलांडून, तिंबक्तूस पोंचली. ईजिप्तचे राजपुत्र कमाल-अल-दीन यांनीं अशाच गाड्या लिबियाच्या वाळवंटांत नेल्या आणि दक्षिणेकडील गिल्फ कबीर हें प्रचंड पठार जगाच्या नकाशावर आणलें. पराक्रम मोठा होता, पण खर्चही तसाच होता. पट्ट्याच्या गाड्या संथ चालत आणि पेट्रोल फार पीत. पेट्रोल वाहावयास आणखी गाड्या, आणि त्या गाड्यांना पुन्हां आणखी पेट्रोल, असें तें दुष्टचक्र होतें.

दुसरा उपाय अधिक साधा होता आणि तो वाळवंटासाठीं शोधलेलाही नव्हता. १९२३ सालीं अमेरिकेंतील फायरस्टोन कंपनीनें रुंद पोटाचा, पातळ भिंतीचा आणि कमी हवेवर चालणारा टायर बाजारांत आणला. शहरांतील प्रवाशास धक्के कमी बसावेत एवढाच त्याचा हेतु. परंतु या ‘फुग्याच्या’ टायरांत वाळवंटाची किल्ली दडलेली होती, हें साध्या गणितानें कळून येतें. सामानासह ४००० पौंड वजनाच्या गाडीचा प्रत्येक चाकावर सुमारें १००० पौंड भार पडतो. टायरांत चौरस इंचास ६० पौंड दाब असेल, तर ढोबळ मानानें सतरा चौरस इंच रबर जमिनीला टेकतें. दाब २० पौंडांवर आणला कीं तेंच चाक पन्नास चौरस इंचांवर उभें राहतें. गाडी तीच, ओझें तेंच. पण पाऊल तिप्पट रुंद. उंटाच्या पसरट तळव्याला हें गणित कोणी शिकविलें नव्हतें, इतकेंच.

हें गणित वाळूवर चालवून दाखविणारांत राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचें नांव अग्रभागीं आहे. १८९६ सालीं जन्मलेला हा इंजिनियर १९२६ मध्यें ईजिप्तमध्यें आला, आणि रजेच्या दिवसांत मित्रांसह स्वखर्चानें मोटारी घेऊन वाळवंटांत जाऊं लागला. आरंभीं ‘टी’ फोर्ड आणि पुढें १९२७ च्या अखेरीस निघालेली ‘ए’ फोर्ड त्यांनीं वापरली. गाडीचा शोभेचा भाग उतरवावयाचा, मागें सामानासाठीं साधी पेटी बसवावयाची, म्हणजेच पुढें ज्याला पिकप म्हणूं लागले तसें रूप तिला द्यावयाचें, हा त्यांचा पहिला नियम. मऊ वाळू आली कीं टायरांतील हवा कमी करावयाची आणि खडी लागतांच हातपंपानें पुन्हां भरावयाची, हा दुसरा. कारण कमी हवेचा टायर खडकावर तापतो, त्याच्या भिंती चिरतात आणि आंतली नळी सरकून तिचें तोंड फाटतें. जी गोष्ट वाळूंत तारते तीच दगडांत मारते.

रुतलेल्या चाकाखालीं घालावयास त्यांनीं कैरोच्या भंगार बाजारांतून पोलादी पन्हाळी मिळविल्या. जाणत्या गाडीवानाचें तरट तें हेंच. उकळणाऱ्या इंजिनाची वाफ वायां जाऊं नये म्हणून पाण्याच्या टाकीची नळी बाहेरच्या एका डब्यांतील पाण्यांत सोडली. वाफ तेथें निवून पाणी होई, आणि इंजिन थंड झालें कीं तेंच पाणी आपोआप टाकींत ओढलें जाई. या युक्तीचा टायरांशींही जवळचा संबंध आहे. वांचलेलें प्रत्येक गॅलन पाणी म्हणजे चाकांवरून उतरलेलें दहा पौंड ओझें होय.

वाळूचा स्वभाव ओळखणें हा या विद्येचा पुढचा पाठ. वाऱ्यानें कण कण बसवून रचलेली वाळू घट्ट असते. टेकडीच्या आडोशाच्या अंगावरून घसरून सांचलेली वाळू भुसभुशीत असते. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. वाऱ्याकडील घट्ट उतार निवडून वेगानें गाडी घातली, तर मोठ्या टेकडीच्या माथ्यावरही जातां येतें, हें बॅग्नोल्डच्या मंडळींनीं अनुभवानें शिकून घेतलें आणि १९२९, १९३० व १९३२ सालच्या मोहिमांत दुर्गम मानलेला मुलूख पालथा घातला. पुढें बॅग्नोल्डनें लंडनमध्यें वाऱ्याचा बोगदा उभारून वाळूच्या हालचालीचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९४१ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४४ मध्यें त्याला रॉयल सोसायटीचें सदस्यत्व मिळालें. रुतलेल्या चाकापासून निघालेली वाट अशी विज्ञानाच्या दारीं पोंचली.

परंतु या विद्येचें खरें मोल माणसाच्या प्राणांत मोजलें गेलें. १९३१ च्या जानेवारींत इटलीच्या फौजेनें कुफ्रा हें ओॲसिस घेतलें, आणि तेथील अनेक कुटुंबें बायकामुलांसह निर्जल वाळवंटांत पळालीं. कित्येक वाटेंतच मरण पावलीं. ईजिप्तच्या वाळवंट-मोजणी खात्यांतील पॅट क्लेटन हा अधिकारी त्या वेळीं मोटारी घेऊन त्या भागांत काम करीत होता. मोजणी बाजूस ठेवून त्यानें हातीं लागतील तितक्या निर्वासितांना वांचविलें. तहानेनें पडलेल्या माणसांपर्यंत वेळेंत पोंचण्यास त्या प्रदेशांत मोटारीवांचून दुसरें साधन नव्हतें.

१९४० च्या जूनमध्यें इटली महायुद्धांत उतरली, तेव्हां हीच मंडळी पुन्हां एकत्र आलीं. वाळवंटांत शत्रूच्या पाठीमागें दूरवर टेहळणी करणारें पथक उभारावें, ही बॅग्नोल्डची सूचना सेनापति वेव्हेल यांनीं मान्य केली, आणि लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या नांवानें तें पुढें प्रसिद्धीस आलें. आरंभींचे बहुतेक जवान न्यूझीलंडचे होते. १९४२ मध्यें भारतीय फौजेचेंही एक पथक या कामांत सामील झालें. हातीं वेळ होता अवघा सहा आठवड्यांचा आणि नव्या खास गाड्या मिळण्याची आशा नव्हती. म्हणून शेव्हरोले कंपनीच्या दीड टनी मालमोटारी जमविण्यांत आल्या. त्यांतल्या कांहीं अलेक्झांड्रियांतील विक्रेत्याकडून आल्या, तर कांहीं ईजिप्तच्या सैन्याच्या वापरांतून मागून घेतलेल्या होत्या.

त्या गाड्यांचीं दारें, छपरें व कांचा काढून टाकण्यांत आल्या, रुंद टायर चढविण्यांत आले, आणि कमानींत जादा पाटे घालण्यांत आले. दीड टनासाठीं बांधलेल्या गाडीवर दोन टनांच्या आसपास पेट्रोल, पाणी, अन्न व दारूगोळा लादावयाचा होता. मूळच्या कमानी तेवढ्या ओझ्याखालीं आंसावर आपटल्या असत्या. पण पाटा वाढविणें हा फुकटचा सौदा नव्हे. पाटे वाढले कीं कमान ताठ होते. भरलेली गाडी ती नीट तोलते, मात्र पेट्रोल संपत येऊन गाडी हलकी झाली म्हणजे प्रत्येक दगडाचा धक्का सरळ सांगाड्यास व माणसांच्या पाठीस बसतो. शिवाय ताठ कमान आंसाला पूर्वीइतकें कलूं देत नाहीं; एखादें चाक उचललें जातें आणि उरलेल्या तिघांवर जास्त भार येतो. पाट्यांमध्यें शिरलेली वाळू तर कानशीसारखी त्यांस झिजवीत राहते. म्हणून मोहिमेंत सुट्या कमानी व त्या बदलणारा कारागीर बरोबर असे, आणि त्याचें मोल बंदूकवाल्याहून कमी समजत नसत.

याच पथकाच्या अनुभवांत या साऱ्या इतिहासाचें सार उतरलें आहे. १९४१ मध्यें जुन्या शेव्हरोले झिजल्यावर त्यांच्या जागीं चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर्ड मालमोटारी देण्यांत आल्या. कागदावर त्या सर्व प्रकारें सरस होत्या. प्रत्यक्षांत त्या वजनदार निघाल्या आणि पेट्रोल फार खाऊं लागल्या. १९४२ मध्यें पथकानें पुन्हां दोनच चाकांना जोर असलेल्या हलक्या शेव्हरोले पत्करल्या. अधिक यंत्र म्हणजे अधिक पल्ला हें समीकरण वाळवंटानें फेटाळलें.

गाडी गेली म्हणजे काय होतें, हेंही याच पथकानें पाहिलें. १९४१ च्या जानेवारीअखेर कुफ्राच्या दक्षिणेस जबल शरीफ येथें शत्रूच्या विमानांनीं व मोटारींनीं एका तुकडीला गांठलें आणि तिच्या कांहीं गाड्या जळाल्या. मागें राहिलेले चौघे जण, न्यूझीलंडच्या मूर नांवाच्या शिपायाच्या नेतृत्वाखालीं, दोन गॅलनांहून कमी पाण्यावर दक्षिणेकडे चालूं लागले. दहा दिवसांत सुमारें २१० मैल चालून गेल्यावर मूर सांपडला तेव्हां तो चालतच होता. चौघेही हातीं लागले, पण त्यांतला एक जण पुढें दगावला. निरोगी गाडी तें अंतर दोन दिवसांत कापते.

बॅग्नोल्ड १९९० पर्यंत जगला. त्याच्या नंतर मंगळावरील वाळूच्या टेकड्यांच्या एका पट्ट्यास त्याचें नांव देण्यांत आलें, आणि १९१५ ते १९४५ या काळांतील गाड्यांना पडलेला प्रश्न तेथेंही पुन्हां उभा राहिला. २००९ सालीं ‘स्पिरिट’ हें अमेरिकन यंत्रयान मंगळाच्या मऊ मातींत रुतलें. तेथें कोणी तरट टाकणारा नव्हता, आणि तें पुन्हां निघालें नाहीं. त्याच्या मागून गेलेलें ‘क्युरिऑसिटी’ २०१५ मध्यें बॅग्नोल्डच्या टेकड्यांजवळ पोंचलें, तेव्हां त्याच्या चाकांचे आरे कमानीसारखे लवचीक केलेले होते.

जुनी मालमोटार घेऊन आडरानांत जाणारा हौशी मनुष्य आजही बहुधा प्रथम इंजिनाचा जोर विचारतो, मग उंच कमानी व मोठे टायर मागतो. लिबियाच्या वाळवंटानें त्यास दिलेला सल्ला क्रमानें उलटा आहे. आधीं ओझें उतरवावें, मग टायरांतील हवा पाहावी, मग उरलेल्या ओझ्यापुरतेच पाटे घालावे. आणि जोराचा विचार सर्वांत शेवटीं करावा. कोरड्या नदींतला जाणता गाडीवान याच क्रमानें खालीं उतरत असे.