बारा वर्षांची तीन पोरं

परवा आमच्या घरात ज्वारीवरून वाजलं. खाणारी माणसं पाच, आणि अण्णांनी यंदाही चार क्विंटल ज्वारी घेऊन ठेवली. मागच्या सालची कोठीत तशीच पडून, कीड लागलेली. मी म्हटलं, "अण्णा, आता दुकानात कधीबी मिळतंय की, साठवायचं कशाला?" ते एवढंच म्हणाले, "तू मिलो खाल्ला नाहीस."

विषय तिथं संपला, पण डोक्यातून जाईना. मग बसून हिशेब मांडला. अण्णा १९७२ ला बारा वर्षांचे. मी १९९३ ला बारा वर्षांचा. माझी लेक २०२० ला बारा वर्षांची. एका घरातली तीन पोरं आणि तिघांचंही बारावं वरीस वाईट निघालं.

बहात्तरचा दुष्काळ काही एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन सालंही कोरडीच गेली होती. अण्णांची शाळा सुटली आणि ते आजीबरोबर खडी फोडायला गेले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं चालू होती. कामावर सुकडी मिळायची, घरी रेशनचा मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, तेव्हा खिशात चार पैसे असले तरी बाजारात दाणा नव्हता. म्हणून अण्णांचा भरवसा पासबुकावर नाही, कोठीवर आहे.

माझं सांगतो. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून पोरं उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. जे घर उन्हाळ्यात गार ठेवायचं, त्यानंच माणसं गाडली. आमचं गाव लांब होतं म्हणून वाचलं, भिंतींना नुसत्या भेगा गेल्या. तरी कित्येक महिने आम्ही खळ्यात झोपलो. आज माझं घर सिमेंटचं आहे, पण मी दाराजवळच झोपतो आणि बॅटरी उशाला असते. बायको हसते. मीही हसतो, पण बॅटरी हलवत नाही.

आता लेकीचं. मार्च २०२० ला शाळा बंद झाली. परीक्षा न देता ती वरच्या वर्गात गेली. घरात मोबाईल एक आणि तो माझ्या बातम्यांसाठी. रेंज गच्चीवर. सर तिकडून बोलायचे, ही इकडं मान डोलवायची. आता बारावी झाली. पुढं काय करायचं विचारलं की एकच उत्तर, "बघू." मी चिडायचो. या पिढीला कष्टच माहीत नाहीत, असं चार लोकांत बोलायचो सुद्धा. तुमच्यापैकी बरेच जण बोलत असाल.

ज्वारीच्या भांडणात ती मध्ये पडली. म्हणाली, "पप्पा, आजोबांबरोबर खडी फोडायला सगळं गाव होतं. तुम्ही सगळे एका खळ्यात झोपलात. आम्हाला तर एकमेकांपासून लांब राहा म्हणून सांगितलं. आम्ही भ्यायलो ते एकेकटे भ्यायलो."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पत्रकाराच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली, तीच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

अण्णांच्या संकटातून काहीतरी उभं राहिलं. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये केलेला प्रयोग राज्याची रोजगार हमी योजना झाला. १९७७ ला त्याचा कायदा झाला आणि २००५ ला देशानं तसा कायदा केला. त्या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ ला शहरातल्या कमावत्या माणसांवर व्यवसाय कर बसला. तो आजही पगारातून कापला जातो. कापताना कोणाला आठवत नाही की तो कोणाच्या भुकेसाठी सुरू झाला होता.

माझ्या संकटातूनही उभं राहिलं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. त्यात चुका झाल्या, तक्रारी आजही आहेत. पण "तुमचं काय गेलं?" असं कोणीतरी विचारलं.

लेकीच्या पिढीला काय मिळालं? आईबाप दोघंही गेलेल्या मुलांच्या नावे सरकारनं ठेव ठेवली, ते चांगलंच केलं. पण बाकीच्यांचं काय? २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. आपण पेढे वाटले. पोराला काय येतं, काय राहून गेलं, तो रात्री झोपतो का, हे कोणी विचारलं नाही. सरकारनं नाही, शाळेनं नाही, आणि बाप म्हणून मीही नाही.

दुष्काळ पडला तर काय करायचं हे आपल्याला माहीत आहे. भूकंपाचंही थोडंफार कळलं. पण त्या दोन वर्षांत मागं पडलेल्या पोरांसाठी आपल्या तालुक्यात आजही कोणतं काम निघालेलं नाही. ती पोरं आता अठरा-वीसची झालीत. मतदान करतील, नोकरी शोधतील, शेती करतील. येत्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एवढा एक विषय तरी काढा. गावातली अशी पोरं मोजा. संध्याकाळी दोन तास वाचनाचा, गणिताचा वर्ग काढायला शाळेची एक खोली पुरते. आमच्या वॉर्डातला वर्ग मी सुरू करतोय, सोमवारपासून.

ज्वारीचं म्हणाल तर दोन क्विंटल विकायचं ठरलं. दोन क्विंटल कोठीत राहणार. लेकीनंच आजोबांची बाजू घेतली.

तुमच्या घरातलं बारा वर्षांचं पोर कोणत्या साली होतं? खाली लिहा. मी सगळं वाचतो.