थिबा राजाचा वाडा आणि आमची ओल

नंदनवनातल्या आमच्या घराच्या एका भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येतात. परवा गवंडी म्हणाला, "सिमेंट मारून टाकू भाऊ, टेन्शन खतम." मला एकदम रत्नागिरीचा थिबा पॅलेस आठवला.

इंग्रजांनी १८८५ साली थिबा राजाकडून ब्रह्मदेश घेतला नि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. समुद्र दिसेल अशा उंचवट्यावर त्याच्यासाठी वाडा बांधून झाला १९१० साली. १९१६ मध्ये राजा गेलासुद्धा! २४ वर्षं वाट बघितली, राहिला जेमतेम सहा. असो.

वाडा जांभ्याचा. हा दगड सच्छिद्र, कोकणच्या पावसात पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वर चुन्याचा गिलावा असला तर ओल बाहेर पडते. सिमेंट थापलं की ती आत कोंडते, खाऱ्या हवेतल्या मिठाचे आत स्फटिक होतात आणि दगडाचाच भुगा पडायला लागतो. म्हणून अशा वाड्याची डागडुजी चुन्यानंच करावी लागते. पण चुना आधी भिजवून मुरवायचा, काम पाऊस थांबल्यावर काढायचं... घाईच्या ठेक्यात एवढा धीर कुणाला?

नागपूरला समुद्र नाही, पण विटा इथल्याही पाणी पितात. गवंड्याला म्हटलं, थांबा भाऊ, आधी ओल येते कुठून ते बघू.

निघाला गच्चीचा फुटका पाइप.