सुईण गेली, सोबतही गेली

वैतरणा खाडीच्या मुखाशी वसलेल्या दातिवऱ्यासारख्या किनारी गावांत पूर्वी बाळंतपण घरातच होई. सुईण येई, पण ती एकटी नसे. घरातली जाणती बाई कळा देणाऱ्या बाईची कंबर चोळी, तिला चालवी, पाण्याचे घोट देई, धीर देई. म्हणजे कामे दोन होती: सुटका करणे आणि सोबत करणे. २००५ मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणाला मदत देणारी जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातल्या प्रसूती वाढल्या. पहिले काम प्रशिक्षित हातांकडे गेले, ते योग्यच झाले. दुसरे मात्र प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर अडले.

हे जुन्याचे कौतुक आहे, असा आक्षेप येईल. घरच्या बाळंतपणात रक्तस्रावाने, जंतुसंसर्गाने बायका दगावत, हे विसरून चालणार नाहीच. पण सोबतीचा पुरावा दवाखान्यांतूनच आला आहे. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या तपासल्या गेल्या. सतत सोबत मिळालेल्यांच्या कळांचा काळ थोडा घटला, सिझेरियनही कमी झाले. सोबतीला कोणी आत आले, तर गर्दीची आणि संसर्गाची भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे एकच सोबतीण, स्वच्छ कपडे, धुतलेले हात आणि खाटांमध्ये पडदा. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला मुभा दिली. एकांत राखता येत असेल, तर नवऱ्यालाही आत घेता येते. गरोदरपणाच्या तपासणीलाच सोबतीचे नाव ठरवा आणि दवाखान्यात तशी मागणी करा.