रात्री दोन वाजता सिस्टर नाडी का पाहते? वॉर्डातील निरीक्षण आणि नातेवाइकांचा वाटा

रुग्णाचा नुकताच डोळा लागलेला असतो आणि सिस्टर येऊन मनगट धरते, बीपीचा पट्टा बांधते. घरचे वैतागतात. त्यातही ती शिकाऊ मुलगी असेल तर 'आमच्या माणसावर हिचा सराव चाललाय' असे वाटते. बिरसी आणि आसपासच्या गावांतून गोंदियाला रुग्ण भरती झाला की ही तक्रार मी हमखास ऐकतो. म्हणून ही तपासणी कशासाठी असते आणि त्यात तुमचे काम काय, ते सांगतो.

एका आकड्यावरून कळत नाही

मी इंटर्न असतानाची गोष्ट. रात्रपाळीत नर्सिंगची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. नुकत्याच बाळंत झालेल्या एका बाईची नाडी आधी 88 होती, अर्ध्या तासाने 104 आणि आता 122. मी बीपी विचारले. 110/70. "थकली असेल, पाणी द्या," असे म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळलो. ती हलली नाही. "सर, एकदा पोट बघता का?" पाहिले तर गर्भाशय घट्ट होण्याऐवजी सैल पडले होते आणि पांघरुणाखाली रक्त साचले होते. त्या बाईला वेळेत इंजेक्शने आणि रक्त मिळाले, ती वाचली. चूक माझी होती. बीपी ठीक म्हणजे सगळे ठीक, असे मी धरून चाललो होतो.

तरुण बाईचे शरीर बराच रक्तस्राव झाला तरी बीपी सांभाळून धरते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जोरात धावते. त्यामुळे आधी नाडी वाढते आणि बीपी उशिरा कोसळते. हा फरक एकदा पाहून कळत नाही, ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा पाहावे लागते. बाळंतपणानंतर पहिले काही तास सिस्टर पोट दाबून पाहते तेही यासाठीच. त्रास होतो, पण तिला थांबवू नका.

मोठ्या माणसाची नाडी शांत बसलेला असताना साधारण 60 ते 100 आणि श्वास मिनिटाला 12 ते 20 असतात. सगळ्यात आधी बिघडणाऱ्या गोष्टींत श्वासाचा वेग आहे, आणि घाईत तोच मोजायचा राहून जातो. जी सिस्टर घड्याळाकडे बघत छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजते, तिच्यावर माझा जास्त भरवसा असतो.

झोप की ग्लानी?

आपला भाग धानाचा. रोवणीच्या दिवसांत सापाचे रुग्ण येतात. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, "रात्रभर जागा होता, झोपू द्या." सिस्टर मात्र त्याला उठवून वर बघायला लावते, जीभ बाहेर काढायला सांगते, एका श्वासात आकडे म्हणायला लावते. मघाशी वीसपर्यंत म्हणणारा आता आठवरच थांबला, तर श्वासाचे स्नायू लुळे पडत चालले आहेत. अशा वेळी डॉक्टरला लगेच बोलवावे लागते, श्वासासाठी मशीनही लागू शकते. म्हणून साप चावल्याचा नुसता संशय असला तरी रुग्णाला निदान 24 तास नजरेखाली ठेवतात. 'काही झाले नाही' म्हणून लवकर घरी नेऊ नका.

शिकाऊ मुलीला काय कळते?

एएनएमचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा आणि जीएनएमचा 3 वर्षांचा असतो. विद्यार्थिनी वरिष्ठ सिस्टरच्या देखरेखीखाली काम करतात आणि औषध ठरवत नाहीत. कोण देखरेख करते, हे तुम्ही खुशाल विचारा. पण बदल ओळखणे आणि तो वेळेत सांगणे हे काम त्या करू शकतात.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तर गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळ घरी जाऊन तपासायला शिकवले. बाळ दूध पिणे कमी करते का, अंग थंड पडते का, श्वास धापेचा आहे का, हे त्या पाहत आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचारही देत. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. त्या बायकांकडे मोठी यंत्रे नव्हती.

तुम्हाला माहीत असलेले सांगा

सिस्टर रुग्णाला आजच पाहते आहे, तुम्ही त्याला वर्षानुवर्षे ओळखता. एरवी भरभर बोलणारे बाबा आज अडखळत असतील, माणसांची नावे चुकवत असतील, तर ते तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार? "हे नेहमीसारखे नाहीत" एवढे वाक्यही पुरे. घरात सिकलसेल असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. रोजची दारू असेल तर लपवू नका. ती अचानक सुटल्यावर दोन-तीन दिवसांत हातांना थरथर, भास, झटके येऊ शकतात आणि कारण माहीत नसले की उपचार भरकटतात. लघवी किती झाली, शेवटची कधी झाली, हे लक्षात ठेवा.

धाप वाढली, ओठ निळसर दिसले, रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नाही, बाळंतिणीचे कापड भराभर भिजते आहे, यांपैकी काहीही दिसले तर राउंडची वाट पाहू नका, जाऊन सिस्टरला बोलवा. घरी लहान मूल खोकत असेल तर ते शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. 2 महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50 आणि 5 वर्षांच्या आत 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल काही पीत नसेल तर 108 ला फोन करा.