कापूस आपला, गिऱ्हाईक एकच: शरद जोशींची गोष्ट

मंडळी, आज तुम्ही मोबाईलवर वणीचा भाव बघता, आदिलाबादचा बघता आणि परवडेल तिकडे गाडी वळवता. माझ्या आजोबांनी हे केलं असतं तर तो गुन्हा ठरला असता!

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस विकायचा तो सरकारलाच. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका. पण झालं काय, तर गिऱ्हाईक एकच उरलं. ग्रेड तोच लावणार, चुकारा तो देईल तेव्हा. पाटणबोरीपुढं पैनगंगा ओलांडली की तेव्हाचा आंध्र. तिकडे भाव चढा असला तरी आपलाच कापूस नेला की ‘तस्करी’. आजोबा म्हणायचे, "चोरी कशाची बे? पऱ्हाटी तर माझीच होती!"

हाच प्रश्न शरद जोशी जाहीर सभांतून विचारत होते. जन्म साताऱ्याचा, १९३५ चा. टपाल खात्यात अधिकारी, मग स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः हिशेब मांडला. घाम गाळूनही खर्च निघेना. का? तर शहराला धान्य आणि गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून सरकारच भाव पाडतं, असं त्यांचं उत्तर. म्हणून घोषणा: भीक नको, हवे घामाचे दाम.

विदर्भ-मराठवाड्यातला कास्तकार त्यांच्यामागं उभा राहिला. १० डिसेंबर १९८६ ला हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. पुढं डंकेल प्रस्ताव आला, तेव्हा बहुतेक शेतकरी नेते विरोधात. हे मात्र म्हणाले, येऊ द्या, जगाचा बाजार सरकारपेक्षा वाईट नाही.

एकाधिकार २००० नंतर मोडला. तरी यवतमाळच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. मग जोशी चुकले? मला नाही तसं वाटत, पण पूर्ण पटतही नाही. बाजार मोकळा झाला तरी कोरडवाहू पऱ्हाटीला पाऊस लागतोच ना. आणि मोकळा तरी कुठं? मार्च २०१२ मध्ये दिल्लीनं एका आदेशात कापसाची निर्यात बंद केली. तेव्हा आमचा कापूस घरातच पडून होता, अर्धी खोली भरून.